इंजिन पाहावं निवडून

श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या माणसाने आपल्याला गाडी घ्यायची आहे हे चारचौघांत बोलू नये. मर्सिडीज, पोर्शे, बॉश या सगळ्यांची मुख्यालयं याच भागात. त्यामुळे समोरचा माणूस एकतर गाड्यांच्या धंद्यात असतो, नाहीतर त्याचा मेहुणा असतो. आमच्या घरची बातमी धाकट्याने फोडली. आमची जुनी गाडी 'कापुट', म्हणजे मोडीत, झाल्याचं त्याने किंडरगार्टनमध्ये जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बापांनी मला फाटकातच गाठलं. बजेट किती, रंग कुठला, कुणी काही विचारलं नाही. तिघांचा प्रश्न एकच: इंजिन कुठलं?

आम्हाला खरं तर डिकी हवी होती. भरपूर डिकी आणि तिच्यापुढे एक बरी गाडी, म्हणजे स्टेशन वॅगन. भारतात या जातीचं बस्तान कधी नीट बसलंच नाही. टाटा इस्टेट आली, मारुतीची बलेनो अल्तुरा आली, इंडिगो मरीना आली. लोकांनी 'मागून ॲम्ब्युलन्स दिसते' म्हणून नाकं मुरडली. इथे मात्र बालबच्चेवाल्या सुस्थितीतल्या माणसाची ती ठरलेली गाडी. आउडी तिला अवांट म्हणते, बीएमडब्ल्यू टूरिंग, मर्सिडीज टी-मोडेल. हेतू तिन्हींचा सारखाच, मुलं झाली तरी आपलं बरं चाललंय हे शेजाऱ्याला कळावं.

बीएमडब्ल्यूच्या 3 सीरीजची टूरिंग तर एका वैतागलेल्या बापानेच काढली. माक्स राइसबॉक हा त्यांचाच कर्मचारी. सुटीला निघताना बायकामुलांचं सामान गाडीत मावेना, म्हणून त्याने मागून ठोकलेली एक गाडी आणली, मित्राच्या गॅरेजात कापली आणि छप्पर पार शेवटापर्यंत ओढत नेलं. साहेबलोकांना ती इतकी पसंत पडली की 1987 मध्ये कंपनीने तशी गाडी जगापुढे मांडली. राइसबॉकचं दुखणं सामानाचं होतं, इंजिनाचं नव्हे. पण फाटकातले बाप हे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, बेर्टा बेंझबाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन निघाल्या. दोन मुलगे बरोबर. मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, शंभरेक किलोमीटर. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानात इंधन म्हणून लिग्रोइन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि बाई पोचल्या माहेरी. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास माहेरी जाण्यासाठी झाला, हे मी आमच्या घरात एकदाच बोललो. गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न त्यानंतर उरला नाही.

पण शेवटच्या शब्दाच्या आधी पुष्कळ शब्द असतात. त्यातले निम्मे बाबांचे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" इथे लिटरला किती किलोमीटर हे कुणी सांगत नाही, शंभर किलोमीटरला किती लिटर ते सांगतात. मी म्हणालो, "शंभराला पाच, बाबा." ते म्हणाले, "पाच? अरे, ट्रक घेतोयस का?" मग मी भागाकार करून वीस सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला.

इंजिनाच्या प्रकाराने फरक पडतो का? पडतो. पण ही मंडळी सांगतात तिथे पडत नाही. पन्नास हजार युरोंच्या पुढच्या गाडीत ताकद आणि आवाज यांत डावंउजवं करण्यासारखं फार उरलेलं नाही. फरक असा, की प्रत्येक इंजिन आपलं एक व्रत घेऊन घरात येतं, आणि ते पाळायचं घरातल्या माणसांनी.

डिझेलचं व्रत सगळ्यात कडक. आमचं किंडरगार्टन घरापासून दोन किलोमीटरवर, तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. धुरातली काजळी गाळणीत साठत जाते, आणि ती जळायला सहाशेच्या आसपास अंश तापमान लागतं. दर काहीशे किलोमीटरला गाडी स्वतःहून ती जाळायला घेते, आणि नेमके तेव्हाच आपण किंडरगार्टनच्या दारात चावी फिरवून मोकळे होतो. असं वारंवार झालं की गाळणी तापवायला जास्तीचं सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. मग डॅशबोर्डवर दिवा, मग वर्कशॉप, मग बिल. उपाय सोपा: अधूनमधून गाडीला ऑटोबानवर नेऊन चांगलं पळवायचं. आमच्या शेजारचे आजोबा हे इमानेइतबारे करतात. रविवारचं जेवण झालं की एकटेच निघतात, होर्बपर्यंत जातात आणि कुठेही न उतरता परत येतात. "गाडीला मोकळा श्वास लागतो," असं ते मला गंभीरपणे म्हणाले. आजींचं मत असं, की तो गाडीला लागत नाही.

याच आजोबांची आधीची डिझेल गाडी उत्तम चालत होती. श्टुटगार्टने 2019 पासून धुराच्या युरो 4 आणि त्याआधीच्या निकषांतल्या डिझेल गाड्यांना शहरबंदी केली, तेव्हा ती त्यांना विकावी लागली. त्यांनी काय केलं? दुसरी डिझेल घेतली. याला निष्ठा म्हणतात.

शिवाय ॲडब्लू असतं. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला वेगळ्या टाकीतून फवारतात ते. त्यात 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. बाबांना सांगितलं तर ते खुर्चीत सरसावून बसले.

"युरिया? आपण उसाला घालतो तो?"

"तोच, बाबा."

"मग पाण्याच्या पाळ्या किती?"

पैशांचं गणित सरकारने असं बसवलंय की कुणालाच लवकर सुटू नये. दोन लिटरच्या डिझेल इंजिनाला वार्षिक करात नुसत्या आकारमानाचे 190 युरो, तेवढ्याच पेट्रोल इंजिनाला 40. कार्बनचा कर वेगळा. उलट पंपावर लिटरमागे डिझेलवरचा इंधनकर 47 सेंट आणि पेट्रोलवरचा 65. म्हणजे डिझेलवाल्याने खूप फिरावं तेव्हा कुठे त्याचं भलं होणार. आजोबांचं होर्ब यात धरायचं की नाही, ते मी विचारलं नाही.

ऑफिसातल्या मित्राचा पंथ निराळा. त्याचं म्हणणं, सिलिंडर सहाच हवेत आणि तेही एका रांगेत. "प्रीमियम म्हणतोस आणि चार सिलिंडर घेतोस?" तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे हादरे एकमेकांना आपोआप तोलतात. चार सिलिंडरांत तसं होत नाही, म्हणून अनेक इंजिनांत तोलाचे दोन दांडे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट वेगाने गरगर फिरवावे लागतात. पण 2021 साली आलेली मर्सिडीजची सी-क्लास चारच सिलिंडर घेऊन आली, आणि पुढच्या वर्षी तिच्या सगळ्यात मस्तवाल भावंडाचेही, सी 63 चे, आठाचे चार झाले. मित्राने त्या आठवड्यात ऑफिसात कुणाशी धड बोलणं ठेवलं नव्हतं.

त्याच्या आग्रहाने सहा सिलिंडरची डिझेल टूरिंग चालवायला घेतली. तो पुढे माझ्याशेजारी, सौ. आणि मुलं मागे. आठ नंबरच्या ऑटोबानवर उल्मच्या दिशेने श्वेबिश आल्बचा घाट लागतो. खंबाटकीसारखाच, चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा. चढ सुरू झाल्यावर मित्राने डोळे मिटले आणि बोट वर केलं. "ऐक." मी ऐकलं. मागून थोरली सांगत होती की धाकट्याने तिच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. धाकटा सांगत होता की त्याला शू लागली आहे. सौ. सांगत होती की निघताना विचारलं होतं. या तिन्ही आवाजांच्या खाली कुठेतरी 650 न्यूटन मीटरचा टॉर्क अगदी मुलायम काम करत होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिसरा पंथ आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांचा: प्लग-इन हायब्रिड. वीज आणि पेट्रोल दोन्ही, तळ्यात-मळ्यात. काकांना ती कंपनीकडून मिळाली आहे. कंपनीची गाडी घरी वापरली की तिच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा तुमच्या उत्पन्नात धरतात. प्लग-इनला, ठरावीक अटी पाळल्या तर, अर्धाच टक्का. "पर्यावरणासाठी घेतली," काका सांगतात. चार्जिंगची केबल मात्र डिकीत अजून कंपनीच्या पिशवीतच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. हे व्रत सोपं दिसतं, पण रोज संध्याकाळी गाडीला वायर लावायची असते. ती न लावणारा माणूस दोनतीनशे किलोचं जास्तीचं ओझं पेट्रोलवर ओढत हिंडतो.

आमची गाडी राहते भाड्याच्या घराच्या तळघरात. 2020 च्या डिसेंबरपासून भाडेकरूलाही चार्जिंग पॉइंट मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, म्हणून मी तो मागितला. घरमालकांनी कळवलं की विषय मालकांच्या सभेपुढे ठेवतो. सभा वर्षातून एकदा भरते. मागच्या सभेचा सगळा वेळ जिन्यातल्या बाबागाड्यांवर गेला होता.

प्लग-इनचा निकाल शेवटी लागला तो पातेल्याने. मंडळाचं मसालेभाताचं पातेलं आमच्या घरी असतं, आणि गणपती, दिवाळी, संक्रांत, जिथे कार्यक्रम तिथे ते आमच्या डिकीतून जातं. जर्मनीत डिकी मोजायची रीत फार शिस्तीची आहे: 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे ठोकळे, एक ठोकळा म्हणजे एक लिटर, जेवढे मावतील तेवढी डिकी. सौ.चं म्हणणं, ठोकळ्यांतून भात नेता येत नाही. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही शोरूममध्ये पातेलं घेऊन गेलो.

विक्रेता तरुण होता, कोटाचं बटण लावलेला. त्याने आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सौ.कडे पाहिलं. तिने साध्या पेट्रोल गाडीच्या डिकीत ते ठेवलं, शेजारी बाबागाडी घडी करून सरकवली, बटण दाबलं. दार सुर्रकन खाली आलं आणि बंद झालं. मग तीच गाडी, प्लग-इनमधली. बॅटरीमुळे डिकीचा तळच वर आलेला. दार खाली आलं, पातेल्याच्या कडीला टेकलं, तीनदा टीं टीं केलं आणि पुन्हा वर गेलं. सौ.ने पातेलं आडवं केलं. टीं टीं. झाकण काढून ठेवलं. टीं टीं. विक्रेता हळूच म्हणाला की मागची सीट पाडता येईल. "आणि मुलं पातेल्यात बसवू?" हे तिने मराठीत विचारलं, पण त्याला समजलं.

कागदावर ते आधीच लिहिलेलं होतं म्हणा. सी-क्लासच्या टी-मोडेलची डिकी 490 लिटर, तिच्याच पेट्रोल प्लग-इनची 360. आणि या सगळ्या प्रीमियम मंडळींना लाजवणारी नवी स्कोडा सुपर्ब कोम्बी, 690 लिटर, किमतीने खाली. प्रीमियमचे जास्तीचे पैसे नक्की कशाचे, असं सौ.ने विचारलं. विक्रेता दाराच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलला. ठक् असा येतो म्हणे.

निव्वळ विजेवरची टूरिंगही पाहिली. 5 सीरीजची, डिकी पेट्रोलवालीएवढीच, 570 लिटर. पातेलं ऐसपैस बसलं. मग सौ.ने किमतीचा तक्ता पाहिला आणि पातेलं स्वतःच उचललं.

शेवटी घेतली ती चार सिलिंडरची पेट्रोल, एक वर्ष वापरलेली. इथे कारखान्यातले कर्मचारी सवलतीत नवी गाडी घेतात आणि वर्षभराने विकतात, त्यातलीच. आधीचा मालक इतका नीटनेटका की पायपुसण्यांवर पायपुसणी. पेट्रोलचं व्रत एकच, पंपावर गेल्यावर आकड्याकडे पाहायचं नाही. फाटकातल्या बापांनी सौजन्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ऑफिसातल्या मित्राने "रंग छान आहे" एवढंच म्हटलं.

रविवारी बाबांना व्हिडिओवर गाडी दाखवली. पुढून, मागून, डिकी उघडून.

"डिझेल ना?"

"पेट्रोल."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

"ॲव्हरेज?"

"शंभराला सात."

या वेळी भागाकार त्यांनी स्वतः केला. "चौदा," ते आईकडे वळून म्हणाले. आईने मागून विचारलं की गाडीला हार घातला का. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

"ती डिकी परत दाखव जरा. हां. बरीच मोठी आहे रे. असं कर, तिकडे कुणी सीएनजी किट बसवून देतं का बघ. सिलिंडर आरामात मावेल."