रक्तातील सीडी८ पाहून आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही

गणपतीसाठी गावी आलेल्या चाकरमान्यांच्या कुटुंबगटांतून रत्नागिरी-सिंधुदुर्गात सध्या एक संदेश फिरत आहे. रक्तातील सीडी८ पेशी मोजल्या की कर्करोगाचा रुग्ण किती वर्षे जगणार हे कळते, आकडा चांगला असेल तर केमोची गरज नाही, पीडी-एल१ (गाठीतील पेशींवरचे, प्रतिकारपेशींना रोखणारे प्रथिन) शून्य आला तर इम्युनोथेरपीवर, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारांवर, पैसे घालवू नयेत आणि आकडा कमी असेल तर रोज कोकमाचे आगळ घ्यावे, असा त्याचा मथितार्थ आहे. चिपळूणकडच्या एका गृहस्थांनी हा संदेश आणि आपल्या भावाच्या रक्ताचा अहवाल माझ्या टेबलावर ठेवून केमोची पुढची सायकल रद्द करावी का, असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेश अगदीच हवेतला आहे, असे नाही. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यशाळेपासून सुरू झाली. त्यांपैकी सीडी८ हे प्रामुख्याने मारक टी-पेशींवर, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींवर आढळते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशा पेशी किती आणि कुठे आहेत यावरून रोगाची पुढची वाटचाल बऱ्याच अंशी ओळखता येते, हे २००६ मध्ये फ्रान्समधील संशोधक जेरोम गालोन यांच्या गटाने दाखवले आणि २०१८ मध्ये १३ देशांतील १४ केंद्रांनी २,६८१ रुग्णांवर ते पडताळले. संदेश लिहिणाऱ्याने यातला ‘किती’ उचलला आणि ‘कुठे’ गाळला.

त्या अभ्यासात रक्त मोजलेले नव्हते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन, सीडी३ (सर्वच टी-पेशींवरील खूण) आणि सीडी८ ओळखून रंगवणारी प्रतिपिंडे त्यावर वापरून, रंगलेल्या पेशी गाठीच्या मध्यभागी किती आणि तिच्या पसरत्या कडेला किती, अशा वेगवेगळ्या मोजल्या होत्या. आंब्याच्या बागेत वानर शिरले असताना राखणदार गडग्याबाहेर उभे असतील तर त्यांची हजेरी मोजून काय उपयोग? काही गाठींत नेमके हेच दिसते: भोवतालच्या तंतुमय ऊतीत टी-पेशींची दाटी असते, पण कर्करोगपेशींच्या पुंजक्यांत एकही शिरलेली नसते. रक्तातला आकडा तर त्याहूनही दूरचा, आणि तो स्थिरही नसतो. लसिकापेशींची (टी-पेशी त्यांतल्याच) संख्या दिवसाच्या वेळेनुसार बदलते, पावसाळ्यातल्या लेप्टोसारख्या तापात बदलते, आणि केमोपूर्वी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनेही तात्पुरती घसरते. त्या गृहस्थांच्या भावाचे रक्त असे इंजेक्शन दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेले होते.

‘किती वर्षे’ हा दावा अधिक घातक आहे. अंडाशयाच्या कर्करोगावरील २००३ चा एक गाजलेला अभ्यास पाहावा. ज्यांच्या गाठीत टी-पेशी शिरलेल्या होत्या त्यांच्यापैकी ३८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या त्यांच्यापैकी केवळ ४.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा आहे. परंतु हाच आकडा उलटा वाचला तर ‘चांगल्या’ गटातीलही शंभरातील ६२ रुग्ण पाच वर्षे पार करू शकले नव्हते. गटाविषयीचे हे विधान एका माणसाच्या नावावर तारीख म्हणून लिहिता येत नाही. शिवाय रोगाची वाटचाल सुचवणारी खूण आणि अमुक औषध लागू पडेल की नाही हे सांगणारी खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून केमो थांबवण्याचा निर्णय निघत नाही.

‘जास्त तेवढे चांगले’ हेही सरसकट खरे नाही. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात गाठीतील सीडी८ पेशींची दाटी अनेकदा वाईट निष्पत्तीशी जोडलेली आढळली आहे. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी अंडाशयात अशुभ ठरल्या, तर मोठ्या आतड्यात अनेक अभ्यासांत शुभ.

पीडी-एल१ च्या बाबतीत संदेशात अर्धसत्य आहे, आणि या भागात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहणाऱ्याला ते दुर्लक्षून चालत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात ५० टक्के किंवा अधिक गाठपेशींवर पीडी-एल१ असेल तर एकट्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा चांगला उपयोग होतो, हे २०१६ मध्ये दिसले. मात्र तेच औषध केमोसोबत दिल्यावर, पीडी-एल१ एक टक्क्याहून कमी असलेल्या रुग्णांनाही लाभ झाल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. तोंड व घशाच्या कर्करोगात गाठपेशींबरोबर प्रतिकारपेशीही मोजून सीपीएस हा वेगळा गुणांक काढतात. त्यामुळे अहवालात नुसते ‘शून्य’ असेल तर तो कोणता गुणांक आणि कोणत्या प्रतिपिंडाने काढला, हे आधी विचारावे. सगळी प्रतिपिंडे पेशी सारख्याच रंगवत नाहीत. बायोप्सीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गाठीच्या ज्या कोपऱ्यातून आला, तिथे पीडी-एल१ नसेल आणि पलीकडे असेल, असेही घडते.

आगळाची सोलकढी अवश्य प्यावी. तिने गाठीत सीडी८ पेशी शिरतात याला पुरावा नाही.

त्या गृहस्थांना मी भावाचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला ठोकळा, मिळवायला सांगितले. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून अर्ज करून त्यांनी तो मिळवला: बोटाच्या पेराएवढा पांढरट मेणाचा ठोकळा, कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. तो आणि मूळ काचा घेऊन ते फेरतपासणीसाठी कोकणकन्येने मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात गेले. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळेल, एवढे मी बजावले होते. केमोची सायकल ठरलेल्या तारखेलाच झाली.