अर्धा इंच कुठेच अर्धा इंच नसतो

आमच्या ड्राय बाल्कनीतला नळ तीन वर्षं गळत होता. ड्राय बाल्कनी हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, आख्ख्या फ्लॅटमधली सगळ्यात ओली जागा तीच. नळाखाली सासूबाईंनी पंधरा लिटरची निळी बादली कायमची लावून ठेवलेली, रात्री लावली की सकाळी काठोकाठ, मग त्या पाण्यावर तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि उरलेल्यात फरशी, म्हणजे त्यांचं स्वतःचं एक छोटं खडकवासला धरणच होतं म्हणा ना. मला ते टप टप आधी ऐकूच यायचं नाही कारण दिवसभर मी ऑफिसात. मग गेल्या वर्षी कंपनीने रिस्ट्रक्चरिंग केलं, अकाउंट्समधली बावीस वर्षं एका खोक्यात भरून मी घरी आले आणि पहिल्यांदा कळलं की आपलं घर केवढा आवाज करतं.

प्लंबरला फोन केला. "येतो ताई उद्या." हा उद्या तीन आठवडे चालला. शेवटी एका दुपारी म्हटलं, एम.कॉम. झालेय, जीएसटी कोळून प्यायलेय, एक नळ काय मोठा. मोबाईलवर सहा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला, नवऱ्याच्या कारच्या डिकीतला पान्हा आणला आणि नळाचं डोकं फिरवलं. व्हिडिओतली पहिली वीस सेकंदं जाहिरात समजून मी पुढे ढकलली होती, त्यात तो माणूस म्हणत होता की आधी मेन कॉक बंद करा. स्पिंडल, म्हणजे नळाच्या आतला फिरणारा दांडा, सुटून माझ्या कानाजवळून गेला आणि गच्चीवरच्या टाकीतलं सगळं पाणी एकदम आमच्याकडे वस्तीला आलं. मी अंगठा दाबून उभी, नवरा "मेन कॉक कुठेय, मेन कॉक कुठेय" करत घरभर, सासूबाई बादल्या लावतायत. मेन कॉक सापडला माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या मागे, २००४ साली बिल्डिंग झाली तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नसल्याने ठार जाम. नवऱ्याने प्लंबरकाकांना फोन करून फक्त पाण्याचा आवाज ऐकवला. काका आठ मिनिटांत हजर.

गळतंय म्हटलं की तीन आठवडे, उडतंय म्हटलं की आठ मिनिटं.

काका काम करत होते तेवढ्या वेळात त्यांना पाच फोन आले आणि पाचही जणांना त्यांनी उद्या येतो सांगितलं. मी ओल्या साडीत उभी, पण डोक्यातला अकाउंटंट जागा झाला. ऑर्डरी तुंबलेल्या, उधारी नाही, ऑफिसचं भाडं नाही, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर स्वतः चहा देतं, असा धंदा मी बावीस वर्षांत एकाही बॅलन्सशीटमध्ये बघितला नव्हता. म्हटलं, "काका, मला शिकवाल का?"

"काय, वायसर बदलायला?" (वायसर म्हणजे नळातली पाणी अडवणारी रबरी चकती.)

"सगळंच. नळ, ड्रिल, पंखे, बिजागऱ्या. मला धंदाच करायचाय."

काकांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खांदे उडवले. काकांचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसतो, पिशवी उचलायला कुणी नाही, गुडघे बोलतात, त्यामुळे असेल कदाचित, पण म्हणाले, "उद्या नऊला या." आणि हा उद्या खरंच उद्याच होता.

(नंतर मी आयटीआयची पण चौकशी करून आले. प्लंबरचा ट्रेड एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन-दोन वर्षांचे. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "मुलाचं नाव?" मी म्हटलं मुलगा नाही, मुलगी आहे. "मग मुलीचं नाव?" मी फॉर्म घेऊन घरी आले, त्यावर आता वाण्याची यादी आहे.)

पहिला आठवडा फक्त पिशवी उचलायची आणि मागितलं ते हातात द्यायचं. डॉक्टरांना सिस्टर देतात तसं. पण सिस्टरला निदान नावं माहीत असतात. "ग्राइंडर नको, पकड द्या. ही पकड नाही ताई, हा पान्हा. हां, आता बारा-तेरा." बारा-तेरा म्हणजे काय, तर एका टोकाला बारा नंबर आणि दुसऱ्या टोकाला तेरा नंबर असलेला पान्हा. मग आलं सूत. काका म्हणाले, "दोन सूत खाली घ्या." मी पिशवीत सूत शोधायला लागले. मला वाटलं दोरा. तर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण म्हणजे सहा. टेपवर मिलिमीटर आहेत, सेंटीमीटर आहेत, माणसं चंद्रावर जाऊन आलीत, पण पुण्यातली प्रत्येक खिडकी अजून सुतात बसते.

आणि इथेच माझी काकांशी पहिली भांडणं झाली. कारण त्यांनी आणायला सांगितलेला अर्धा इंची पाईप मी दुकानातून आणला आणि सवयीप्रमाणे व्हाउचर तपासतात तसा टेप लावून तपासला. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, बाहेरून एकवीस मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात. आतून मोजला तर तोही अर्ध्यापेक्षा जास्तच. म्हटलं, "काका, दुकानदाराने फसवलं, हा अर्धा इंची नाहीच." काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, ते नाव आहे. आमच्या चाळीत एकाचं आडनाव वाघ आहे. झुरळ दिसलं की कॉटवर चढतो." बावीस वर्षं पैशापैशाचा ताळा लावलेल्या बाईला हे पचवायला किती जड गेलं असेल बघा.

हत्यारं घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदाराने माझ्याकडे बघून आपणहून कुकरची रिंग काढली. मी म्हटलं, "एफटीए द्या, अर्धा इंची," म्हणजे आतून आटे असलेला पाईपचा जोड. तो थबकला. "ब्रासचा की साधा?" हे काकांनी शिकवलं नव्हतं. मागे चार मिस्त्री रांगेत उभे. मी अत्यंत आत्मविश्वासाने म्हटलं, "चांगला द्या." सगळे हसले. बाकी या दुकानांत आट्यांना सरळ मेल-फीमेल म्हणतात, ज्याचे आटे बाहेरून तो मेल, ज्याचे आतून तो फीमेल, आणि भर दुपारी गर्दीत एक गृहस्थ ओरडून सांगत असतो की माझ्या मेलला ही फीमेल बसत नाही, बदलून द्या, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. फक्त माझ्या. मोठा पाईप पान्हा मात्र मी जुन्या बाजारातून घेतला, तिकडे बुधवारी आणि रविवारी अशी हत्यारं रस्त्यावर चादरी पसरून मिळतात. तीनशे सांगितले, दीडशेला आणला. काकांनी हातात घेऊन म्हटलं, "साठचा आहे." नंतर महिनाभर तोच मागून वापरला.

टेफ्लॉन टेप हा एक वेगळाच छळ. ती पांढरी पट्टी आट्यांवर गुंडाळायची, दहा-बारा वेढे, आणि ज्या दिशेने नळ आवळणार त्याच दिशेने. मी उलटी गुंडाळली. नळ आवळत गेले तशी ती शेवयांसारखी बाहेर येत गेली. काका म्हणाले, "खीर करणार का?"

पण खरी परीक्षा ड्रिल. मला वाटायचं भिंत म्हणजे भिंत. नाही. आधी बोटाच्या पेराने टकटक करायचं, आवाज ऐकायचा, पोकळ की भरीव. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली मारायचं नाही कारण आतून वायरचा पाईप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. नळाच्या वर तर नाहीच. मग बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं टोक, टेकवायचा, सुरुवात हळू, आणि डोळे ड्रिलवर नाही, खाली पडणाऱ्या भुकटीवर. लाल भुकटी आली की वीट आहे, निर्धास्त पुढे जा. पांढरी मैद्यासारखी आली की सिपोरेक्स, नव्या टॉवरमध्ये असतो तो हलका ब्लॉक, तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद करायचा नाहीतर सहाचं भोक दहाचं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी, आत भोवऱ्यासारखी गरगर फिरते. राखाडी आली आणि बिट पुढेच जाईना म्हणजे कॉलम, काँक्रीट. आणि चकचकीत काळपट किस आला की थांब बाई, ती सळई आहे, दोन इंच सरक. ही भुकटी वाचायची विद्या काकांनी मला दिली आणि मी ती बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये पहिल्यांदा वापरायला गेले, पडद्याच्या रॉडसाठी.

दहा मिनिटं ड्रिल मारलं. भुकटी चिमूटभर, तीही राखाडी. बिट पुढे जाईना, भिंत गरम, बिटाला हात लावला तर चटकाच बसला. मी निदान केलं, "काका, कॉलम आहे. नाहीतर सळई." खांदे दुखायला लागले तरी जोर लावतेच आहे. काका सोफ्यावर बसून घरातल्या काकूंशी पावसाविषयी बोलत होते. जरा वेळाने उठून आले, ड्रिलवरचं एक बारकं बटण डावीकडून उजवीकडे सरकवलं आणि परत जाऊन बसले. बिट फुलपात्रात चमचा जावा तसा आत गेला. दहा मिनिटं मी ड्रिल उलटं फिरवत होते. "मला वाटलं," काका काकूंना म्हणाले, "भिंतीला गुदगुल्या करतायत."

टाइलवर भोक पाडणं मला मात्र काकांपेक्षा चांगलं जमतं, हे मी इथे लिहून ठेवते. टाइलवर आधी चिकटपट्टीची फुली मारायची म्हणजे बिट घसरत नाही, हॅमर बंद, टाइलचा बिट वेगळा, मधूनमधून पाणी, घाई अजिबात नाही. टाइल पार झाली की मग भिंतीचा बिट. काकांना धीर नाही, त्यांनी एकदा गिऱ्हाइकाची मोरपिसाची टाइल तडकवली आणि म्हणाले, कंपनीच्या मालातच दोष होता.

विजेच्या बाबतीत मी भित्री आहे आणि भित्रीच राहणार. दोनशे तीस व्होल्ट आहेत ते, सासूबाईंचा टोमणा नाही. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडायचा, मग टेस्टर, पण टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून तो स्वतः जिवंत आहे का ते बघायचं. नवीन वायरिंग ओढायला सरकारी परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही, त्यामुळे तिकडे जात नाही. पण पंख्याचा कपॅसिटर बदलायला शिकले. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायला लागला की लोक नवा आणतात, आणि बऱ्याच वेळा आतला अडीच मायक्रोफॅरॅडचा तो अंगठ्याएवढा डबा फक्त गेलेला असतो. एकटीने केलेलं पहिलं काम तेच, समोरच्या विंगमध्ये. दार उघडणाऱ्या आजोबांनी माझ्या खांद्यामागे जिन्यात बघितलं. "मिस्त्री?" म्हटलं मीच. "बरं बरं. दादा मागून येतायत ना?" शिडीवर चढले तरी त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं, दादासाठी. पंखा भन्नाट सुटल्यावर त्यांचे पेपर उडाले तेव्हा कुठे दार लावलं. दोनशे म्हटलं तर म्हणाले, "दहा मिनिटांचं तर काम." म्हटलं, आजोबा, काकांकडे तासभर लागला असता, तुम्हाला चालला असता. शंभर आणि दोन पेरू मिळाले.

काकांचा एक नियम मी आंधळेपणाने पाळते, काही म्हणजे काही टाकायचं नाही. माझ्याकडे आता श्रीखंडाचे नऊ डबे आहेत, त्यात अर्धवट गिट्ट्या, एकटे पडलेले नट, आटे गेलेले स्क्रू. नवरा श्रीखंड समजून एकदा चमचा घेऊन बसला होता.

तर मग, एवढं सगळं शिकल्यावर, मार्चमध्ये मी परत आमच्या ड्राय बाल्कनीत गेले. पाणी उडालं त्या दिवशी काकांनी ते थांबवून दिलं होतं, पण गळती होतीच, कारण वायसर ते उद्या बदलणार होते. यावेळी मेन कॉक आधी. नळ उघडून उरलेलं पाणी काढलं, स्पिंडल काढला, खालचा वायसर बघितला, त्यावर बोटाने कळेल अशी गोल खाच पडलेली, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. नवा घातला, आवळला, कॉक उघडला. एक थेंब नाही. घर इतकं शांत झालं की शेजारच्यांची सीरियल ऐकू यायला लागली.

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुळशीने मान टाकलीय गं."

"आई, नळ सोडून भरा ना बादली."

"नळ सोडून कशी भरू? चांगलं पाणी झाडांना घालायचं म्हणजे जिवावर येतं. ते आपलं गळकं होतं, फुकटचं."

मी नळ अर्धा फेरा ढिला करून बघितला. धार लागली. पाव फेरा, तरी बारीक धार. केसभर, काहीच नाही. तो एकसारखा थेंब, रात्रभरात बरोबर पंधरा लिटरवाला, काही केल्या येईना. शेवटी काकांना फोन लावला. "काका, नळ गळत ठेवायचा असेल तर कसा ठेवायचा?" पलीकडे बराच वेळ शांतता. "जुना वायसर टाकलात का?"

सातव्या डब्यात सापडला. मेन कॉक बंद, स्पिंडल बाहेर, खाच पडलेला वायसर पुन्हा जागेवर, कॉक चालू. टप. टप. टप.

सासूबाईंनी येऊन ऐकलं, बादली दोन सूत डावीकडे सरकवली आणि पदराची गाठ सोडत म्हणाल्या, "किती झाले?"

मी गमतीने म्हटलं, "दीडशे."

"वायसर जुनाच घातलायस ना? शंभर घे."