महायुद्ध आपल्या गावातून गेलं, हे मुलांना सांगणार कोण?

नववी-दहावीच्या मुलांना दुसऱ्या महायुद्धाबद्दल विचारा. हिटलर, पोलंड, पर्ल हार्बर, हिरोशिमा, नागासाकी, सगळं धडाधड सांगतात. मग विचारा, "आपण होतो का त्यात?" वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, "नाही सर, आपल्यावर तर इंग्रजांचं राज्य होतं."

मी रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. हे उत्तर दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी पोटात कालवतं. कारण ज्या जिल्ह्यात ही मुलं बसलेली असतात, त्याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे हिटलरच्या सैन्याशी लढताना इटलीत मेला. 10 जुलै 1944. वय अवघं 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे, एसटीने येता-जाता मुलं तो बघतात. पण तो कोण, कुठे लढला, कुणाशी लढला, हे विचारलं तर बहुतेकांचा अंदाज 'कारगिल' असतो.

मुलांना युद्धाची आवड नाही, असं अजिबात नाही. शेवटच्या बाकावरच्या एका पोराने मला एकदा टॉमी गनबद्दल इतकी बारीक माहिती दिली की मी बघतच राहिलो. मॅगझिनमध्ये किती गोळ्या, ती बदलायला किती वेळ लागतो, तेवढ्या वेळात समोरचा आपल्याला कसा उडवतो. सगळं मोबाईलवरच्या गेममधून आलेलं. मी त्याला म्हटलं, आता ऐक. घाडगेच्या हातात हीच टॉमी गन होती. त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तो सोडून सगळे मेले नाहीतर जखमी झाले. मदतीला कुणी नव्हतं. तो एकटा धावला, हातगोळा टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले, एकाला गोळी घातली. मग मॅगझिन संपली. बदलायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं.

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, तो मराठीच बोलायचा का?"

त्या प्रश्नाने मला बरंच काही कळलं. ज्याच्या डोक्यातल्या महायुद्धात सगळे इंग्रजी, जर्मन नाहीतर रशियन बोलतात, त्याला मराठी बोलणारा सैनिक तिथे कसा गेला हेच कोडं वाटणार. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते. सुमारे 87 हजार परत आले नाहीत. एरिट्रियातलं केरेन, उत्तर आफ्रिकेचं वाळवंट, इटलीचे डोंगर, ब्रह्मदेशाचं जंगल, या सगळीकडे मराठा पलटणी होत्या. नगर जिल्ह्याचा नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला इटलीतल्या सेनिओ नदीवर होता. दोन जखमी साथीदारांना त्याने एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे आणलं. मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना बोलावून घेतलं. तो जिवंत परतला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे पुस्तकात का नाही, असं पालक विचारतात. पुस्तकाचीही एक गोष्ट आहे. पूर्वी दहावीच्या इतिहासात दोन्ही महायुद्धांचे धडे होते. कारणे सांगा, परिणाम लिहा, टीपा लिहा, असं कोरडंच होतं, पण होतं. 2018 साली दहावीचं पुस्तक बदललं. त्यात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, पर्यटन, खेळ असे विषय आले. ते विषय वाईट नाहीत, मला त्यातले काही शिकवायला आवडतात. पण जगाचा इतिहास बाहेर गेला. नववीच्या राज्यशास्त्रात पहिलाच धडा महायुद्धोत्तर राजकीय घडामोडींचा, म्हणजे युद्ध नीट कळायच्या आधीच युद्धानंतरचं शिकायचं. बारावी कला शाखेच्या इतिहासात 'महायुद्धे आणि भारत' असं वेगळं प्रकरण आहे. पण तिथवर किती मुलं पोचतात? सायन्स-कॉमर्सला गेलेल्यांचा महायुद्धाशी संबंध दहावीआधीच संपतो. पुढे त्यांचे गुरुजी म्हणजे यूट्यूब आणि व्हॉट्सॲप.

आणि तिथे काय शिकवलं जातं, याची मला खरी भीती वाटते. "सर, काही म्हणा, हिटलर शिस्तीचा होता." "देशासाठी असा एक माणूस पाहिजे." हे मी पंधरा वर्षांच्या मुलांकडून ऐकतो, चांगल्या घरातल्या, हुशार मुलांकडून. हिटलरचं आत्मचरित्र मराठीत रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात सहज मिळतं. 60 लाख ज्यूंना मारलं हे मुलांना आकडा म्हणून ठाऊक असतं. ऑशविट्झ या छळछावणीचं नाव मात्र वर्गात एखाद्यालाच ठाऊक असतं, गॅस चेंबर कशाला म्हणतात हे त्याहून कमी.

मी तेव्हा मुलांना अलिबागकडे वळवतो. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग-नागाव-रेवदंड्याच्या पट्ट्यात शेकडो वर्षं बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, किहीमकर, पेणकर, रोहेकर. म्हणजे आपल्या शेजारची माणसं. हिटलर ज्या लोकांना संपवायला निघाला होता, त्यात हे शनिवार तेलीही बसत होते, फक्त त्याचे हात कोकणापर्यंत पोचले नाहीत. हे सांगितल्यावर 'शिस्तीचा' हा शब्द मुलांच्या तोंडून लगेच येत नाही. निदान त्या तासाला तरी नाही.

जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून मुंबईला आलेली माणसंही होती. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लेडन, इमॅन्युएल श्लेसिंगर. रझा, हुसेन, आरा या तरुण चित्रकारांच्या पाठीशी ही मंडळी उभी राहिली. आपली आधुनिक चित्रकला बहरली त्यात त्या पळून आलेल्या माणसांचा वाटा आहे. कोल्हापूरजवळच्या वळीवड्याला तर 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेले हे लोक इराणमार्गे इथवर आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले, आजचं गांधीनगर ते हेच. कपडे खरेदीला गांधीनगरला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. आग लागली, अग्निशमन दलाचे लोक बंबांसकट जहाजावर भिडले आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. 66 जवान गेले. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. त्या जवानांच्या आठवणीत आजही 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. आमच्याकडेही बंब येतो, मुलं पाण्याचा फवारा बघून टाळ्या वाजवतात. सप्ताह याच तारखांना का, हे बहुतेकांना कधी कुणी सांगितलेलं नसतं. घरातल्या रेशनकार्डाचंही तेच. मुंबईत धान्याचं रेशनिंग 1943 साली युद्धामुळेच सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, तेही युद्धाच्या सावलीत.

पहिल्या महायुद्धाची आठवण तर याहून पुसट. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन आताच्या इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने. त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे कापायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस खायला नकार दिला आणि उपासाने खंगले. 29 एप्रिलला शरणागती. त्यांचा सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात नजरकैदेत राहिला आणि शिपाई वाळवंटातून कैदेत चालत गेले. कितीतरी वाटेतच मेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी शिपायांच्या वाट्याला फक्त पलटणीचं नाव आणि आकडा आला. या असमान वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने (Commonwealth War Graves Commission, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी.

तसाच आकडा आपल्याकडेही आहे. रायगड, रत्नागिरी, सातारा, कित्येक गावांत चावडीपाशी किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर 'मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं, तिथून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परतले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की महायुद्ध शिकवायला सुरुवात या पाटीपासून करावी. व्हर्सायचा तह, म्युनिकचा करार, पोलंड नंतर घ्या. आधी पोरांना पाटीसमोर उभं करा आणि विचारा, हे कोण होते? का गेले? पगार किती होता? मागे शेत कुणी केलं? इंग्रजांसाठी लढणं म्हणजे काय, हा अवघड प्रश्न मग आपोआप निघतो. निघू द्या. त्याच युद्धात आझाद हिंद सेनाही होती आणि इंफाळ-कोहिमाला दोन्ही बाजूंनी भारतीय होते. पहिल्या युद्धानंतर मोडलेली महारांची पलटण 1941 साली पुन्हा उभी राहिली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. दहावीची मुलं हे सगळं पेलू शकतात. आपणच त्यांना पाच मार्कांच्या उत्तरावर अडकवून ठेवतो.

इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पोर्शन संपत नाही हे मला ठाऊक आहे, माझाही संपत नाही. पण राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण टाकून फुकट शोधता येतं. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. इंग्रजांनी गावांची नावं वेडीवाकडी लिहिलीत, त्यामुळे दोन-चार स्पेलिंग करून बघावी लागतात. संगणकाच्या तासाला मुलं हे आनंदाने करतील. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचा स्वच्छ फोटो, गाव आणि तालुका इथे टाका. नावं सापडली तर तीही लिहा. आमच्या दहावीच्या मुलांनी यादी करायला घेतली आहे, तुमचं गाव त्यात जोडू.