गिटारवाला बँड घेऊन आला, म्हणून एवढं रडायचं?

परवाच्या कार्यक्रमापासून आमच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे. "आधी एकटा यायचा, स्टुलावर बसून गायचा, काय शांत वाटायचं. आता ड्रम काय, बेस गिटार काय, नुसता धिंगाणा." गायकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की त्याचे फॅन इथं उतरणार, तुम्ही बाह्या सरसावणार आणि मधल्या मधे मार मला. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

माझ्या मते त्यानं बँड आणला ते झकास केलं. आणि आवाजाची तक्रार कोण करतंय? गणपतीत कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर स्पीकरच्या भिंतीपुढं पहाटेपर्यंत नाचणारी आमचीच मंडळी!

एकट्या गिटारवर गाणाऱ्याची एक अडचण असते. ठेका आणि सूर दोन्ही त्याच्याच हातात. उजवा हात थांबला की गाणं थांबलं. त्यामुळं हात एका सवयीच्या चालीत पडतो आणि अर्ध्या तासानंतर सगळी गाणी एकमेकांची चुलत भावंडं वाटायला लागतात. शब्द चांगले असतात म्हणून कुणी बोलत नाही, एवढंच. परवा बेसनं खालचा सूर धरला, ड्रमरनं ठेका धरला आणि हा गडी पहिल्यांदा गिटार मागं सरकवून, माईक हातात घेऊन नुसता गायला. सम सोडून, ओळ मागं ओढून, मधेच बोलल्यासारखं. एकटा असताना त्याला हे जमण्यातलं नव्हतं.

त्याचं ते कारखान्याच्या गेटबाहेर रात्रभर थांबलेल्या ऊसगाड्यांचं गाणं घ्या. एकट्यानं गायचा तेव्हा ऐकणारा हळहळायचा. परवा पहिलं कडवं तसंच, गिटारवर. दुसऱ्याला फक्त पायाचा ड्रम, संथ, एकसारखा. तिसऱ्याला इलेक्ट्रिक गिटार अशी खरखरत आली की माझ्या शेजारचे काका ताठ झाले. तेच शब्द, तीच चाल, पण गाणं दुःखाचं होतं ते संतापाचं झालं. आपल्याकडं ऊसदरावरून दर हंगामात काय होतं ते बघितलेल्या माणसाला हा संताप पटायला हवा.

आणि शब्दांच्या गाण्याला दणका चालत नाही हे कुणी ठरवलं? कोल्हापुरात? शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात? पोवाडा म्हणजे सगळा शब्दांचाच खेळ, आणि सोबतीला डफ, तुणतुणं, झांज. गोंधळात संबळ कडाडतो तरी कथेतला एक शब्द सुटत नाही. कारण त्या लोकांना वाजवायचं कधी आणि थांबायचं कधी हे ठाऊक असतं. शाहीर ओळ टाकतो, मागं साथ धरणारे झीलकरी ती उचलतात, तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्द पचवायला वेळ. परवाच्या बँडला हे निम्म्या गाण्यांत जमलं. उरलेल्या निम्म्यांत बँडमधला गिटारवाला गायकाच्या ओळीवरच वाजवत सुटला होता. त्याला कुणीतरी एकदा गोंधळाला नेऊन बसवा.

हे भांडण नवं नाही. 25 जुलै 1965 ला अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, एकट्यानं गिटारवर गाण्यासाठी ओळखला जाणारा गायक-गीतकार बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन उभा राहिला, तीन गाणी वाजवली आणि लोकांनी हुर्यो उडवली. ती बँडमुळं, खराब साऊंडमुळं की एवढ्यात आटोपलं म्हणून, यावर आजही वाद घालतात. पुढच्या दौऱ्यात तर गावोगावी तेच. लेव्हॉन हेल्मसारखा ड्रमर त्या हुर्योला कंटाळून दौरा सोडून गेला. 17 मे 1966 ला मँचेस्टरमध्ये प्रेक्षकांतून एक जण ओरडला, "जुडास!" म्हणजे थेट गद्दार. डिलननं बँडला आणखी जोरात वाजवायला सांगितलं. याच माणसाला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. ड्रमच्या आवाजात शब्द मरतात म्हणणाऱ्यांनी याचं काय ते सांगावं.

आता तुमची एक तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. दोन-तीन गाण्यांत खरंच शब्द कळले नाहीत. पण तो दोष साऊंडचा. हॉल नाटकाचा, मध्यम आकाराचा. तिथं ड्रमचा नुसता आवाजच शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्याला वर आणखी माईक कशाला? ड्रमसेटच्या झांजा गायकाच्या माईकमध्ये शिरतात, मग गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो ओरडतो, गिटारवाला आपला आवाज वाढवतो आणि साऊंडवाला बिचारा सगळंच वर करतो. 'त', 'च', 'स' ही अक्षरं पहिली गायब. उपाय साधा आहे, स्टेजवरचा आवाज खाली आणा. पण हलक्या हातानं वाजव हे ड्रमरला सांगायचं कोण?

तिकीट वाढलं म्हणून कुरकुरणाऱ्यांना एवढंच: एकटा होता तेव्हा गिटार मांडीवर घेऊन रात्रीच्या बसनं यायचा. आता बँडची माणसं, गाडी, लॉज, भाड्याचा ड्रमसेट, दुपारपासून साऊंडचेकसाठी हॉल. हा पैसा कुठून येणार? एकट्यानं गाणं कलावंताला स्वस्त पडतं म्हणूनही बरेच जण एकटे गातात, त्यात दरवेळी साधेपणाचं तत्त्वज्ञान नसतं.

एक विनंती मात्र त्याला आहे, कुणी ओळखीचं असेल तर पोचवा. आजीवरच्या त्या गाण्याला ड्रम लावू नकोस बाबा. ते एकट्यानंच गा. डिलननंही 1966 च्या दौऱ्यात पहिला अर्धा कार्यक्रम एकट्यानं गिटार-माऊथऑर्गनवर केला आणि मग बँड बोलावला. तसं केलंस तर आमच्या ग्रुपवाल्यांचंही समाधान होईल, निदान मध्यंतरापर्यंत तरी.

पुढच्या वेळी मी पुढची रांग सोडून मागं, साऊंडवाल्याच्या टेबलाला लागून बसणार. तो जे ऐकून मिक्स करतो तेच आपल्याला ऐकू येतं. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, तिकिटं एकदम काढू.