यादी का देत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पुढे कोणती कादंबरी वाचू?’ असं कुणी विचारलं की मी उलट त्यालाच प्रश्न विचारत बसतो. त्यापेक्षा मराठीतल्या दहा श्रेष्ठ कादंबऱ्यांची यादी देऊन मोकळं व्हावं. शिवाय नव्या वाचकाला मी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ लगेच सुचवत नाही, हा त्याला कमी लेखण्याचा प्रकार आहे.

यादीचा मुद्दा मला पटत नाही. कादंबरी मोठी असणं आणि ती आज या माणसाला धरून ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीला पहिली कळते, दुसरी कळत नाही. विचारणाऱ्याला मात्र दुसरीच हवी असते.

शिवाजी सावंतांची कर्णावरची ‘मृत्युंजय’च घ्या. ती आवडली असं म्हटलं की लोक लगेच दुसरी पौराणिक किंवा ऐतिहासिक कादंबरी पुढे करतात. मी विचारतो, त्यातलं नेमकं काय आवडलं? कुणाला ती गोष्ट कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा निरनिराळ्या तोंडून ऐकण्यात रस असतो. त्याला खांडेकरांची ‘ययाति’ द्यावी, तिथेही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. पण कुणाच्या मनात घर करून राहतो तो कर्ण, जन्मभर डावलला गेलेला माणूस. त्याला पुन्हा महाभारतातच कशाला न्यायचं? त्याला मी उद्धव शेळक्यांची ‘धग’ देतो. १९६० सालची कादंबरी. यातली कौतिक संसार सावरायला उठते, जरा कुठे जम बसतोसं वाटतं आणि पुन्हा सगळं हातातून निसटतं. ती परत उठते. तिच्यावर दया करा असं लेखक एकदाही म्हणत नाही. संवाद वऱ्हाडीत आहेत, सवय नसेल तर सुरुवातीची पानं जड जातात. ती मोठ्याने वाचा असं मी आवर्जून सांगतो. एकदा कान बसला की कौतिक शेजारच्या खोलीतून बोलते आहे असं वाटायला लागतं, आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही.

हे ‘धग’चं नाव ‘पौराणिक आवडतं’ एवढ्यावरून निघालं नसतं. म्हणून प्रश्न. आणि आवडलेल्या पुस्तकापेक्षाही अर्धवट टाकलेलं पुस्तक मला जास्त सांगून जातं, कारण आवडलेल्याबद्दल लोक इतरांचं ऐकून बोलतात, कंटाळा मात्र ज्याचा त्याचाच असतो.

आता ‘कोसला’. १९६३ साली आलेली ही कादंबरी मला इतकी जवळची आहे की भलत्या वेळी हातात पडून ती कुणाच्या मनातून उतरावी, हे मला सोसत नाही. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि शेवटी गावी परततो, कथानक म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं त्याच्या बोलण्यात आहे, त्या ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’मध्ये. धाकटी बहीण मनी जाते त्या पानांवर ते बोलणं असं काही फाटतं की आधीची सगळी थट्टा वेगळी दिसू लागते. पण तिथवर पोचायला हवं ना! ज्याला सतत ‘पुढे काय झालं’ हवं असतं, तो आधीच वैतागून पुस्तक मिटतो आणि वर ‘मराठी कादंबऱ्या आपल्यासाठी नाहीत’ असं ठरवून टाकतो. त्याला आधी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ द्यावी किंवा व्यंकटेश माडगूळकरांची लहानशी ‘बनगरवाडी’. यात लायकीचा प्रश्न येतो कुठे? तीच व्यक्ती दोन वर्षांनी ‘कोसला’ डोक्यावर घेऊ शकते.

आणखी एक. अशा याद्यांमध्ये तीच ती नावं फिरत राहतात. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चं नाव निदान घेतलं जातं, पण प्रेमकथा मागणाऱ्याच्या हातात ती क्वचितच दिली जाते. १९३९ सालची, युरोपातून निघालेल्या बोटीवरची ती चक्रधर आणि हॅर्टाची गोष्ट प्रेमकथाच आहे. कमल देसाई, गौरी देशपांडे, कविता महाजन यांच्यापर्यंत तर बऱ्याच याद्या पोचतच नाहीत.

राहता राहिले तुम्ही. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ तीनदा वाचली आणि राघोबादादांची पानं दर वेळी जिवाला लागली, असं तुम्ही रागाच्या भरात लिहून गेलात. मला हवं होतं ते त्यात मिळालं. तुम्हाला इतिहासापेक्षा घर धरून ठेवतं, आपलीच माणसं आपल्याला पुरून उरतात ते धरून ठेवतं. तुम्ही श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ घ्या. कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. नावांचा सुरुवातीला गोंधळ उडेल, एका कागदावर वंशावळ लिहीत जा आणि तो कागद पुस्तकातच ठेवा. पहिला खंड संपेपर्यंत दुसरा हाताशी असू द्या. आणि मध्येच सोडावीशी वाटली, तर कोणत्या प्रसंगाला सोडलीत ते मला नक्की कळवा.