ऑइलची काडी एकदा बाहेर काढून बघा की राव

आपल्या कोल्हापुरात दुचाकी पुसणारे लई, तिचं इंजिन ऑइल बघणारे कमी. खंडेनवमीला हार घालतील, चाकाखाली लिंबू ठेवतील, फडकं मारून टाकी आरशासारखी करतील, पण इंजिनात ऑइल किती शिल्लक आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "मागं सर्व्हिसिंग केलंय की." अरे केलंयस, पण त्यानंतर गाडी चालवलीस का नुसती लावून ठेवलीस? आणि कट्ट्यावर वाद कशावर, तर कुठल्या कंपनीचं ऑइल भारी, सिंथेटिक घालायचं का साधं. माझं मत सरळ आहे, भारीतलं ऑइल कमी लेव्हलला असण्यापेक्षा पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं साधं ऑइल बरोबर लेव्हलला असलेलं कधीपण चांगलं.

हिशोब बघा. १०० सीसीच्या गाडीत ऑइल बसतं लिटरभर, त्यात पण थोडं कमीच. चारचाकीत तीन-चार लिटर, शिवाय तिथं गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. आपल्या मोटरसायकलला तेवढ्याशा ऑइलवर पिस्टन, गिअर आणि क्लच सगळंच भागवायचं असतं. त्यातलं पाव लिटर गेलं म्हणजे चौथा हिस्सा गेला. आणि जुन्या गाडीत पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह सील कडक झाले की ऑइल जळतंच, खाली फरशीवर एक थेंब नसतो म्हणून आपण निवांत, मग कधीतरी गगनबावड्याच्या चढाला हेडमधनं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातनं, खडखड सुरू होते, टायमिंग चेन वाजायला लागते आणि मेस्त्री मान हलवत म्हणतो, "हाफ इंजिन करावं लागतंय," म्हणजे इंजिनाचा वरचा अर्धा भाग खोलून काम. उद्यमनगरच्या वर्कशॉपात सिलिंडर बोअरिंगचं काम झकास होतं हे मान्य, पण म्हणून हौसेनं तिकडं जायचं काय?

बघायची पद्धत पण निम्म्या लोकांची चुकते. गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडला. साईड स्टँडला गाडी डावीकडं कलते, आणि ऑइलची लेव्हल दाखवणारी काच नाहीतर खुणांची काडी बऱ्याच गाड्यांना उजव्या अंगाला असते, मग ऑइल कमी दिसतं आणि लोक वरनं ओतत बसतात. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, आणि जरा दम धरा, तीन-चार मिनिटं, वर हेडात गेलेलं ऑइल खाली उतरू दे. मग काडी काढून स्वच्छ फडक्यानं पुसा, परत घाला, आणि स्प्लेंडरसारख्या गाडीत आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. आटे आवळून मोजलं तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काही मॉडेलना मात्र आटे आवळूनच बघायचं असतं, त्यासाठी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा, कपाटात पिशवीत तसंच पडलंय ते. बुलेटवाल्यांना तर काच दिलीय, गाडी सरळ उभी करून नुसतं वाकून बघायचंय, तेवढं पण होत नाही.

आणि जास्त घातलं म्हणजे पुण्य लागत नाही हां. वरच्या खुणेच्या वर गेलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाईपमधनं एअर फिल्टरमध्ये जातं, गाडी जड पळते. चारचाकीचं उरलेलं ऑइल दुचाकीत ओतणारे पण आहेत, त्यांना कोपरापासनं नमस्कार. आपला क्लच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेली बघून घ्यायची, नाहीतर क्लच स्लिप मारायला लागला की परत मेस्त्रीच्या नावानं शिमगा.

आता फिल्टर. हा तर बिलातला सगळ्यात गमतीचा आयटम. साध्या स्प्लेंडरमध्ये बदलायचा कागदी फिल्टर नसतोच! खाली जाळी असते आणि क्लच कव्हरच्या आत क्रँकबरोबर फिरणारा फिल्टर, जो कचरा बाहेर फेकून कडेला चिकटवतो. दोन्ही साफ करायच्या गोष्टी. तरी बिलावर 'ऑइल फिल्टर' म्हणून रक्कम दिसली तर गोड आवाजात विचारा, भाऊ कुठला बदलला, दाखवा की. ज्या गाड्यांना कागदी फिल्टर आहे, म्हणजे पल्सर, बुलेट वगैरे, तिथं जुना फिल्टर हातात मागून घ्या. सगळे मेस्त्री फसवतात असं म्हणत नाही मी, चांगला मेस्त्री स्वतःहून दाखवतो. घड्या उलगडून बघा, बारीक काळा गाळ असणार, त्यात काय नाही, पण चमचमणारा चुरा भरपूर असला तर आतला कुठलातरी पार्ट झिजतोय. नवा बसवताना तोंड कुठल्या बाजूला, स्प्रिंग आणि ओ-रिंग जागेवर आहे का, हे समोर उभं राहून बघा, कारण उलटा बसला की वरच्या भागाला ऑइल पोचणं अवघड.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, ते घाण धरून ठेवतंय म्हणूनच काळं होतंय. घाबरायचं ते दुधाच्या चहासारखं झालं तर, म्हणजे पाणी शिरलंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हा रंग चांगला माहितीय. बुडालेल्या गाडीला किक नाही आणि बटन तर अजिबात नाही, आधी ऑइल काढायचं.

आणि काढलेलं जळकं ऑइल गटारीत सोडू नका, गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो साठवून विकतोच.