रिव्ह्यूला उत्तर: ‘लाइन १ गिगाबिटची, ग्राफ मात्र ११४ च्या वर जात नाही’

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू सावकाश वाचला, सोबतचे स्क्रीनशॉट मोठे करून पाहिले. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा. रात्री बॅकअप चालू झाला की १ गिगाबिटची अपलिंक (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन) तुंबते, पण आमच्या नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधला तिचा ग्राफ ११४ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर कधीच सरकत नाही. दुसऱ्या स्विचवरचं (नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवरचं) १० गिगाबिटचं पोर्ट चक्क २३३ टक्के भरलेलं दिसतं. स्विच रीस्टार्ट झाला की सर्व्हरचा ग्राफ सपाट होतो आणि रिकाम्या पोर्टवर ट्रॅफिक दिसायला लागतं. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या टूलने घेतलेल्या टेस्टचा आकडाही आमच्याशी जुळत नाही. आणि सपोर्टने उत्तर देण्याऐवजी उलट तुम्हालाच प्रश्न विचारले. ‘असल्या आकड्यांवर नवीन लाइन घ्यायची की नाही हे ठरवायचं कसं?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय.

त्या ग्राफवरून ते ठरवू नका, इतकं आधीच सांगतो. तो खरा लोड दाखवत नाहीये, हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. पण ‘सॉफ्टवेअर मनाला येईल ते आकडे दाखवतं’ हे मात्र मला पटत नाही, कारण ११४ हा मनाला येईल तो आकडा नाही. कुठे बघायचं ते त्या आकड्यातूनच कळतं.

स्विच आपल्याला ‘आत्ता इतका स्पीड आहे’ असं सांगत नाही. प्रत्येक पोर्टवर एक काउंटर असतो आणि त्या पोर्टमधून गेलेले बाइट तो मोजत राहतो. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने तो वाचतं, मागचं रीडिंग वजा करतं, बाइटचे बिट करायला आठने गुणतं आणि मधल्या सेकंदांनी भागतं. तुमच्या पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये डिव्हाइसच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘एसएनएमपी व्ही१’ आणि ‘पोलिंग ३०० सेकंद’ असं दिसतंय. एसएनएमपी म्हणजे स्विचकडून असे आकडे मागवण्याची पद्धत, व्ही१ ही तिची पहिली आवृत्ती, आणि पोलिंग म्हणजे दर किती वेळाने विचारायचं ते. व्ही१ मध्ये ६४ बिटचा काउंटर हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे ३२ बिटचा इफइनऑक्टेट्स (पोर्टमध्ये आलेल्या बाइटचा काउंटर) वाचला जातो. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या बाइटला शून्यावर येतो, जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर शेवटच्या नऊनंतर सगळी शून्यं दाखवतं तसाच.

१०० एमबीपीएसच्या पोर्टवर ही फेरी पूर्ण व्हायला पूर्ण लोडवरही सुमारे ३४३ सेकंद लागतात. म्हणून पाच मिनिटांचं पोलिंग तिथे निभावून जायचं. १ गिगाबिटवर तीच फेरी ३४ सेकंदांत होते. म्हणजे तुमच्या दोन रीडिंगच्या मध्ये काउंटर सात-आठ वेळा फिरून आलेला असतो, आणि नवीन रीडिंग जुन्यापेक्षा लहान दिसलं तर सॉफ्टवेअर जास्तीत जास्त एक फेरी धरू शकतं. एका पूर्ण फेरीचे बिट भागिले ३०० सेकंद हा हिशोब करून पाहा, ११४.५ एमबीपीएस येतात. तुमच्या ग्राफचं छत तेच आहे.

यातला खरा धोका त्या छतापेक्षा मोठा आहे. बॅकअप सरासरी ९०० एमबीपीएसने चालला तर हा ग्राफ साधारण ९८ दाखवेल. तोच ९५० वर गेला तर ग्राफ ३४ वर उतरेल. लोड वाढला आणि रेघ खाली आली! तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये पहाटे जो खड्डा दिसतोय आणि ज्याला तुम्ही ‘बॅकअप संपला असावा’ असं लिहिलंय, त्याकडे या नजरेने पुन्हा एकदा पाहा अशी माझी विनंती आहे.

उपाय छोटा आहे. स्विचवर एसएनएमपी व्ही२सी किंवा व्ही३ चालू करा आणि आमच्याकडे डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये तेच निवडा. मग इफएचसीइनऑक्टेट्स आणि इफएचसीआउटऑक्टेट्स हे येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाइटचे ६४ बिटचे काउंटर वाचले जातील. १ गिगाबिटवर ते भरायला चार हजारांहून जास्त वर्षं लागतील, तेव्हा तो प्रश्नच मिटतो. दोन्हींतलं निवडायचं तर मी व्ही३ म्हणेन, कारण व्ही२सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (म्हणजे एक प्रकारचा पासवर्डच) नेटवर्कवरून उघडी जाते. हे काउंटर काही नवीन नाहीत. २०००च्या आरएफसी २८६३ या इंटरनेट मानकानुसार २० एमबीपीएसपेक्षा वेगवान पोर्टवर ते असायलाच हवेत. तरी आम्ही व्ही१ काढून टाकलेलं नाही, कारण तेवढंच बोलणारी जुनी उपकरणं अनेकांकडे अजून चालू आहेत आणि त्यांच्या १०-१०० एमबीपीएसच्या पोर्टांना ते पुरतं.

पोलिंग ३० सेकंदांवर आणून तुम्ही प्रयत्न केलात तो विचार चुकीचा नव्हता, पण तो उपाय टिकत नाही. ३४ सेकंदांची फेरी आणि ३० सेकंदांचं पोलिंग, म्हणजे एखादं उत्तर उशिरा आलं तरी हिशोब बिघडला. आणि ५ सेकंदांवर आणल्यावर ग्राफ करवतीसारखा का झाला? बरेच स्विच पोर्टच्या चिपमधले आकडे एसएनएमपीच्या टेबलात काही सेकंदांनीच उतरवतात. मध्ये विचारलं तर जुनाच आकडा मिळतो, वजाबाकी शून्य येते आणि पुढच्या वेळी दोन्ही खेपांचं ट्रॅफिक एकदम पडतं. ६४ बिटचा काउंटर आणि ६० सेकंदांचं पोलिंग, मी तरी यापलीकडे जाणार नाही.

१० गिगाबिटचं पोर्ट वेगळ्या स्विचवर आहे आणि तिथे व्ही२सी आहे, त्यामुळे एमबीपीएसचा आकडा बरोबर आहे, फक्त टक्केवारी बिघडलीय. तुम्ही बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये पोर्टचा वेग स्विचच्या इफस्पीड या नोंदीतून घेतलाय. तोही ३२ बिटचाच, म्हणजे सुमारे ४.२९ गिगाबिटच्या वरचा वेग त्याला सांगताच येत नाही. १० भागिले ४.२९ केलं की तुमचे २३३ टक्के येतात. त्याजागी इफहायस्पीड घ्या. तो आकडा एमबीपीएसमध्ये असतो, म्हणून टेम्प्लेटमधलं एककही बदलायला विसरू नका.

रीस्टार्टनंतर पोर्ट मिसळण्याचं कारण इफइंडेक्स. स्विच प्रत्येक पोर्टला हा अंतर्गत क्रमांक देतो, आणि रीस्टार्टनंतर तोच क्रमांक राहील याची हमी नसते. मॉड्यूल किंवा स्टॅकमधला (एकत्र जोडलेल्या स्विचांपैकी) स्विच बदलला असेल तर तो हलण्याची शक्यता जास्त. आमच्या सेटिंगमध्ये ‘पोर्टची ओळख’ या ठिकाणी ‘इंडेक्स’ऐवजी ‘नाव’ निवडा. स्विचवर इंडेक्स कायम ठेवण्याची सोय असेल तर तीही चालू करा.

आयपर्फच्या बाबतीत दोन्ही आकडे खरे आहेत. आयपर्फ फक्त आतला डेटा मोजतो, म्हणून भरलेल्या गिगाबिट लाइनवर तो ९४१ एमबीपीएसच्या आसपास थांबतो. स्विचचा काउंटर हेडरसकट (पत्ता वगैरे माहितीसकट) अख्खी फ्रेम, म्हणजे डेटाचं पूर्ण पाकीट, मोजतो, म्हणून मोठ्या फ्रेमना तिथे साधारण ९८७ येतात. प्रत्येक फ्रेमआधीचा प्रिॲम्बल (सुरुवातीची खूण) आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा मिळून २० बाइट मात्र काउंटरमध्ये धरलेले नसतात. त्यामुळे ६४ बाइटच्या छोट्या फ्रेमनी लाइन पूर्ण भरली तरी काउंटर ७६२ एमबीपीएसच दाखवेल. व्हॉइसचं ट्रॅफिक जास्त असेल तर हे लक्षात ठेवा. आणि टेस्ट १० सेकंदांची घेऊन पाच मिनिटांच्या सरासरीशी ताडू नका, किमान पोलिंगच्या दोन खेपा भरतील इतकी चालवा.

सपोर्टबद्दल. एसएनएमपीची आवृत्ती कोणती, स्विचचं मॉडेल कोणतं आणि काउंटर ३२ बिटचा की ६४, हे तीन प्रश्न आमच्या सहकाऱ्याने विचारले होते. त्या मेलला उत्तर न आल्यामुळे काम तिथेच थांबलं. वर जे लिहिलंय ते सगळं याच तीन उत्तरांवर उभं आहे, तेव्हा त्याला टाळाटाळ म्हणणं मला मान्य नाही. प्रश्न विचारण्यामागचं कारण मेलमध्ये लिहायला हवं, ही तुमची अपेक्षा मात्र रास्त आहे, आणि यापुढे ते लिहिलं जाईल.

मागच्या महिन्यांचे ग्राफ ‘दुरुस्त करून द्या’ असंही तुम्ही म्हटलंय. ते मी करणार नाही, कारण ते होऊच शकत नाही. मधल्या वेळात काउंटर किती वेळा फिरला याची नोंद कुणाकडेच नाही. अंदाजाने ओढलेली रेघ तुम्ही वरिष्ठांपुढे ठेवाल आणि तिच्यावर खर्च ठरेल, त्यापेक्षा त्या काळावर ‘डेटा ग्राह्य नाही’ असा शिक्का परवडला. सेटिंग बदलल्यावर दोन आठवड्यांचं स्वच्छ रीडिंग घ्या आणि त्यातल्या रात्रीच्या कमाल आकड्यांवर निर्णय घ्या.

बदल केल्यावर बॅकअप चालू असताना हाताने एक पडताळणी करा: १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ या ओआयडीला (काउंटरच्या एसएनएमपीमधल्या पत्त्याला) शेवटी पोर्टचा इंडेक्स जोडून एसएनएमपीगेट ही कमांड चालवा, ६० सेकंदांनी पुन्हा चालवा, वजाबाकीला आठने गुणा आणि ६० ने भागा. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी शेवटच्या ६ च्या जागी १० घाला. अपलिंकवर बॅकअप बाहेर जात असेल तर तुम्हाला हाच दुसरा लागेल. हा आकडा आणि ग्राफ यांत फरक राहिलाच तर दोन्ही रीडिंग आणि वेळा त्याच सपोर्ट मेलवर पाठवा, ते मी स्वतः पाहीन.